भारंगीचा वाटा

आमच्या ह्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. माझ्या सख्ख्या मावशीला ते कायम आत्या म्हणायचे, आणि ती बिचारी रागावण्याऐवजी मलाच विचारायची, की तुझा नवरा असा कसा गं. झाडांच्या बाबतीत मात्र चूक नाही. वाटेत एखादं झुडूप दिसलं की त्याचं कूळ, त्याचं शास्त्रातलं लांबलचक नाव आणि त्या नावाचा अर्थ, सगळं तोंडपाठ. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की या माणसाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं असेल तर हातात एखादी फांदी धरूनच बोलावं लागणार.

हे जंगलखात्यात रेंजर होते. पन्नास सालानंतरचे ते दिवस. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. कुरखेड्याच्या पुढे धानाच्या बांध्या संपतात आणि ऐन-साग सुरू होतो, तिथे आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. पुढे ऑफिसची खोली, मागे आमचं बिऱ्हाड, मध्ये एक मोठं अंगण. गाव तसं हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायची कुणाला हा प्रश्न होता.

मी अमरावतीची. आमच्या घरात आंघोळीला नंबर लागायचा, आणि रडायचं म्हटलं तरी रिकामा कोपरा सापडत नसे. इथे सकाळी हे सायकल काढून दौऱ्यावर गेले, की संध्याकाळपर्यंत माझा आवाज फक्त मांजराला ऐकू यायचा. तेही कंटाळून निघून जायचं. सुरुवातीला मी स्वतःची समजूत काढली की सवय होईल. झाली नाही. एकटेपणाची सवय होते असं जे म्हणतात, ते बहुतेक एकटे राहिलेले नसतात.

गावातल्या बायका वाईट नव्हत्या. पण मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं. माझी घागर आधी भरून द्यायच्या, दोर ओढू द्यायच्या नाहीत, आणि मी वळले की माझ्या पाठीमागे पुन्हा कुजबूज सुरू. मला ‘रेंजरीनबाई’ म्हणायच्या. कारण साधं होतं. आधी जंगल जमीनदाराचं होतं, मग जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झालं, आणि ज्या वाटेनं काल मोळी आणली त्याच वाटेवर आज गार्ड उभा राहू लागला. गार्ड ज्याला सलाम ठोकतो त्या माणसाच्या बायकोसमोर कोण मोकळेपणानं बोलेल? माझ्या कपाळावर कुंकवाच्या जागी सरकारी शिक्काच होता म्हणा ना.

पहिल्यांदा बोलली ती एक म्हातारी. तिला डोळ्यांनी फार अंधुक दिसायचं, उजेड आणि सावली एवढंच. एकदा रानातून येताना ती आमच्या ओट्यावर दम खायला बसली. हे कुणाचं घर आहे ते तिला कळलं नसावं असं मला वाटलं, म्हणून मी ते सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, मले मालूम आहे, पाणी दे. मी पाणी दिलं, गुळाचा चहा दिला. तिनं चहा बशीत ओतून सावकाश संपवला आणि मला विचारलं, की दिवसभर घरात बसून तू करतेस तरी काय. त्यानंतर ती येता-जाता बसू लागली, आणि श्रावण लागायच्या सुमारास तिनं एका सकाळी दारातूनच विचारलं, "भाजीले येतेस का?"

रानात पोचल्यावर इतर बायकांना मला बघून धक्काच बसला. त्यांच्यात एक तरणीताठी, बोलण्यात फटकळ अशी कुणाचीतरी सून होती. तिनं म्हातारीला बाजूला घेऊन, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं की हिला काऊन आणलं. म्हातारी म्हणाली, आली तर आली, तिचंबी पोट आहे. नाला पार करून आम्ही पलीकडच्या उतारावर गेलो. अलीकडचं सगळं गुरांनी खाऊन टाकलं होतं, पलीकडे मात्र भारंगी कमरेइतकी माजली होती. कोवळे शेंडे खुडायचे, जुनी पानं सोडून द्यायची. उकळून, कडू पाणी पिळून टाकून, लाखोळीच्या डाळीत घालायची आणि वरून जवसाच्या तेलाची लसणीची फोडणी. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, कारण बायका खुडता खुडता बोलायला लागल्या होत्या.

पण मला आठवतं ते त्यानंतरचं. परत येताना मोहाच्या एका झाडाखाली सगळ्या थांबल्या आणि सगळ्यांनी आपापल्या टोपल्या एकाच लुगड्यावर पालथ्या केल्या. एकीला चपळाईनं खुडता येतं, एकीच्या कडेवर मूल असतं, म्हातारीला तर दिसतच नाही. म्हणून जे मिळेल ते एकत्र. मग बायका जितक्या तितके ढीग. ढीग कितीही सारखे घातले तरी कुठे मूठभर कमी, कुठे जास्त होणारच. त्यासाठी प्रत्येकीनं आपली एक खूण द्यायची: रानातला एखादा खडा, डोळ्यांना ओळखू येईल पण हाताला सारखाच लागेल असा. म्हातारी त्या सगळ्या खुणा मुठीत घेऊन खुळखुळवायची आणि एकेका ढिगावर एकेक ठेवत जायची. ज्या ढिगावर जिची खूण, तो तिचा. त्यावर तक्रार करायची नाही.

मी ढीग मोजले. त्यात माझा होता. मला एकदम भरून आलं, आणि घाईघाईत द्यायला काही सापडेना म्हणून मी केसातला आकडा काढून म्हातारीच्या हातावर ठेवला. तिनं तो बोटांनी चाचपला आणि परत दिला.

"हा नको. हा मले हातानं कळते," ती म्हणाली. "सगळ्यायसारखा खडा दे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. वाकून पायाशी पडलेला एक खडा उचलला, दिला, आणि माझ्या वाट्याला आला तो ढीग सगळ्यात लहान होता. ती फटकळ सून म्हणाली की रेंजरीनबाईचं नशीब फुटकं. मी घरी आले ती जवळजवळ नाचत. अमरावतीला माझ्या बहिणींना हे सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मूठभर पाल्यासाठी ही पोरगी वेडी झाली. पण मला त्या गावात दुसरं काही नकोच होतं. त्या ढिगांमध्ये एक ढीग माझा असावा, लहान तर लहान.

नंतर मी बऱ्याचदा गेले. कधी बोलावणं यायचं, कधी नाही. एका रविवारी आम्ही मोठी भाजी आणली. दुसऱ्या दिवशी माझा श्रावणी सोमवार होता, तेव्हा उद्या मी येणार नाही असं मी मोहाखालीच सांगून टाकलं. संध्याकाळी ह्यांच्या ताटात भाजी वाढली. हे जेवताना सहसा ताटाकडे बघत नसत, पण त्या दिवशी घास घेतला आणि थांबले. ही भारंगी ना, असं विचारलं. शिल्लक आहे का, न शिजवलेली? मी एक शेंडा आणून दिला. त्यांनी हात धुतला, कंदील जवळ ओढला आणि शेंडा उजेडात धरला.

मग ते बोलले. एका पेरावर तीन पानं बघ, म्हणाले, कडा बघ, करवतीसारखी. शास्त्रात हिला क्लेरोडेंड्रम म्हणतात. हे एका झाडाचं नाव नाही, सगळ्या कुळाचं आहे. त्यात पुष्कळ झुडपं येतात. दोन ग्रीक शब्द जोडून केलेलं नाव. डेंड्रॉन म्हणजे झाड आणि क्लेरोस म्हणजे दैव. नशिबाचं झाड. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, की याच कुळातली काही झुडपं औषधी, काही अपायकारक, कुणाच्या हाती कोणतं लागेल ते दैवावर, म्हणून नाव ठेवणाऱ्यानं हे ठेवलं असं पुस्तकात देतात. पण त्या शब्दाचा त्याहून जुना अर्थ त्यांना जास्त आवडायचा. पूर्वी ग्रीक लोक जमिनीचे वाटे पाडायचे तेव्हा ज्याची त्याची खूण म्हणून खडा किंवा काठीचा तुकडा टाकत. त्या खड्यालाच क्लेरोस म्हणत. पुढे त्या खड्यानं जो वाटा मिळायचा त्यालाही तेच नाव पडलं, आणि मग दैवालाही.

मी ऐकतच राहिले. आमच्या लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं, आणि त्यांनी इतका वेळ माझ्याकडे बघत बोलण्याची ती पहिलीच खेप असेल. आणि जे बोलत होते ते तर मी त्याच दुपारी मोहाखाली बघून आले होते. मला वाटलं, आता या घरातही आणि त्या रानातही माझं कुणीतरी आहे. असा दिवस मला त्या क्वार्टरमध्ये दुसरा आठवत नाही.

त्यांनी शेंडा पुन्हा उलटसुलट केला, आणि त्यांचा चेहरा बदलला. इतका कोवळा पाला या दिवसांत गुरं ठेवत नाहीत, ते म्हणाले. हा नाल्याच्या पलीकडचा आहे.

नाल्याच्या पलीकडे बंद कूप होता. झाडतोड झालेल्या पट्ट्यात नवं रान वाढावं म्हणून काही वर्षं माणूस, गुरं कुणालाच आत जाऊ देत नसत. तिथे ना कुंपण होतं ना पाटी. झाडांवर कुठे कुठे चुन्याचे पट्टे होते, ते मी बघितले होते आणि मला वाटलं होतं की ते वाळवीसाठी असतील. बायकांना मात्र ठाऊक होतं. त्या मला तिकडे घेऊन गेल्या होत्या, याचा अर्थ मला त्या कंदिलाच्या उजेडात पहिल्यांदा उमगला. केवढा विश्वास टाकला होता त्यांनी माझ्यावर!

मी म्हटलं, नुसते शेंडे खुडतात हो, झाडाला हात लावत नाहीत. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले तरी असते.

"मला कळलं नसतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "आता कळलं."

सकाळी मी उठले तेव्हा ते निघून गेले होते. मला वाटलं, दौऱ्यावर गेले असतील. मी आंघोळ करून पिंडीला बेल वाहिला, फराळाचं काही केलं नव्हतंच. ऊन अंगणात आलं तेव्हा बाहेर पावलं वाजली. बघते तर गार्डच्या पुढे सगळ्या जणी, नाल्यापलीकडून पकडून आणलेल्या. टोपल्या रिकाम्या केलेल्या, विळे काढून घेतलेले. गार्डनं ते विळे ऑफिसच्या पायरीवर ढिगानं टाकले आणि बायकांना अंगणात उकिडवं बसवलं. माझ्याच अंगणात. साहेब येतील तेव्हा बघू, असं म्हणून तो सावलीला गेला.

मी दाराआड उभी राहिले. नंतर मला स्वतःचीच चीड आली, आणि मी पाण्याची कळशी आणि लोटा घेऊन बाहेर गेले. एकेकीनं लोटा दोन्ही हातांनी घेतला, डोकं खाली घातलं आणि वरून पाणी प्यायलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. त्या फटकळ सुनेनंसुद्धा नाही, तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. मी म्हटलं, मी सांगितलं नाही. माझा आवाज मलाच खोटा वाटला. आदल्या दिवशीच मी उद्या येणार नाही म्हणाले होते, आणि आज या पकडल्या गेल्या. माझ्या नवऱ्यानं पान बघून जागा ओळखली, हे मी कुणाला पटवणार होते? मलाच कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

म्हातारीपाशी शेवटी पोचले. तिनं पाणी पिऊन लोटा माझ्या दिशेनं धरला.

"उपास सुटला का, बाई?" तिनं विचारलं.

तो टोमणा होता की खरंच काळजी होती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी नाही म्हणाले आणि आत आले.

दुपार कलल्यावर हे आले. त्यांनी बायकांना दोन शब्द सुनावून सोडून दिलं, विळे मात्र ठेवून घेतले. धानाच्या रोवणीचे दिवस संपले होते, पण बांधावरचं गवत कापायचं, जळणाच्या काटक्या तोडायच्या, विळ्याशिवाय त्या बायकांचं पान हलत नव्हतं. त्या आठवड्यात मी ह्यांच्याशी जितकं भांडले तितकं पुढच्या आयुष्यात भांडले नाही. तुम्हाला नावांचे अर्थ कळतात, माणसं कळत नाहीत, असंही बोलून गेले. ते म्हणाले की मला कळत नाही तोवर मीही सोडून देतो, पण एकदा सोडलं की उद्या बांबू जाईल, परवा साग. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी त्यांनी विळे परत द्यायला सांगितलं आणि गार्ड ते गावात घेऊन गेला. आणि त्या शहाण्यानं चावडीसमोर उभं राहून मोठ्यानं जाहीर केलं, की बाईसाहेबांनी शब्द टाकला म्हणून विळे सुटले. तो बिचारा माझी स्तुतीच करत होता.

भाद्रपदात भारंगी फुलली. फिकट निळी फुलं, आणि प्रत्येकाची खालची पाकळी गर्द जांभळी. फुलांचीही भाजी करतात. म्हातारी त्यानंतर ओट्यावर बसायला आली नव्हती. मी तिची वाट बघितली, मग वाट बघणं सोडलं, आणि एका सकाळी बायका समोरून जाताना दिसल्या तशी पायात चपला सरकवून त्यांच्यामागे निघाले. चल म्हणून कुणी म्हटलं नाही, नको म्हणूनही नाही. उलट वाट करून दिली. पूर्वी मी त्यांच्या मधोमध चालायची, त्या दिवशी त्यांनी मला पुढे चालू दिलं. बोलत होत्या, पण पावसापाण्याचं. नाला कुणीच ओलांडला नाही. अलीकडेच बांधाच्या कडेनं, कुंपणाच्या काट्यांतून जी फुलं मिळाली ती खुडली. मी खुडायला वाकले की कुणीतरी पुढे व्हायचं आणि म्हणायचं, तुमी बसा, बाईसाहेब, हातांले काटे लागतीन.

मोहाखाली थांबलो. लुगडं पसरलं, टोपल्या पालथ्या झाल्या, ढीग घातले गेले. मी या खेपेला आधीच खडा उचलून ठेवला होता. मुद्दाम साधा बघितला होता, फार गुळगुळीत नको, फार खडबडीत नको. म्हातारी हात पुढे करून एकेकीसमोरून सरकत होती आणि बायका तिच्या मुठीत आपापली खूण टाकत होत्या. तिचा हात माझ्यासमोर आला. मी मूठ उघडली.

"बाईसाहेबाचा खडा नको घेऊ, आजी," ती फटकळ सून म्हणाली. आता तिच्या बोलण्यात काहीच फटकळ नव्हतं. "त्यायचा वाटा आम्ही आधीच काढून ठेवला."

म्हातारीचा हात क्षणभर तिथेच राहिला. मग पुढच्या बाईकडे गेला.

माझा वाटा झाडाच्या बुंध्याशी होता. पळसाची पानं घालून सजवलेली टोपली, त्यात निवडून घेतलेली नुसती फुलं, एक देठ नाही, एक पिवळं पान नाही. तिथल्या कुठल्याही दोन ढिगांएवढा. अशा टोपल्या मी बघितल्या होत्या. सणासुदीला आमच्या ऑफिसच्या पायरीवर यायच्या: मध, चारोळी, कधी पाय बांधलेली कोंबडी. आणून ठेवणारा माणूस नमस्कार करायचा आणि न वळता मागे सरायचा. मी म्हटलं, मला वेगळा नको, तुमच्यातलाच टाका. सगळ्या समजूतदारपणे हसल्या. असं कसं, म्हणाल्या. तिकडे म्हातारीनं खुणा ठेवायला सुरुवात केली. सर्वांत लहान ढीग त्या सुनेला आला. तिनं म्हातारीला विचारलं की मागच्या जन्मी मी तुझं काय घोडं मारलं होतं, आणि हशा पिकला. मी टोपली कमरेवर घेतली. खूप जड होती.

संध्याकाळी ह्यांनी ती टोपली पाहिली. एक फूल उचलून त्याची जांभळी पाकळी मला दाखवली, पण माझं लक्ष नव्हतं. ते खरोखर खूश झाले होते. इतकं निवडून कोण देतं, म्हणाले. त्या तुझ्यावर रागावल्यात असं तू उगाच मनात घेऊन बसली होतीस. मी हो म्हणाले आणि फोडणी टाकली. ते मागून मागून जेवले.

आम्ही तिथे आणखी काही वर्षं होतो. भारंगीच्या शेंड्यांना, मग फुलांना, प्रत्येक हंगामात माझा वाटा पळसाच्या पानांत बांधून दारात येत राहिला. कधी चुकला नाही, आणि कधी कमी पडला नाही. त्यासाठी मला रानात जावंच लागलं नाही.